पांढऱ्या रेघेचा दगड

५ जानेवारी, रविवार. डहाणू.

आले बाई एकदाची! सांगलीहून निघताना आईने बॅगेत लोणचं, दोन चादरी आणि उपदेश असं सगळं ठासून भरलं होतं. उपदेश वाटेत सांडला, बाकीचं नीट पोचलं. खोली झकास आहे. खाली घरमालकीण देवकीबेन, वर मी. देवकीबेन अर्धं मराठी बोलतात, अर्धं गुजराती, आणि जे राहील ते हातवारे करून. आल्या आल्या सोललेल्या चिकूंची वाटी समोर ठेवली नि म्हणाल्या, खाओ बेन, आता इथे आलात म्हणजे रोज हेच. गच्चीवरून समुद्र दिसतो. ओहोटीला इतका लांब जातो की रुसला की काय असं वाटतं. वारा फिरला की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास थेट उशीपर्यंत येतो. होईल सवय.

उद्यापासून तलासरीची आश्रमशाळा. मी तिथली नवी खेळाची बाई, निर्मला पाटोळे, वय एकतीस. रोज एसटीने जाऊन-येऊन करणार. आता खरं लिहू का? ही नोकरी मी घेतली ती डोंगरासाठी. मुंबईचा एक क्लब दर वर्षी डहाणू आणि तलासरी मिळून एका माणसाला हिमालयात नेतो, गाइडसकट, स्वतःच्या खर्चाने. एकच जागा. कॉलेजात असताना अशाच मोहिमेत माझं नाव लागलं होतं. ऐन वेळी मला कावीळ झाली आणि माझ्या जागी संगिता गेली. तिचा शिखरावरचा फोटो अजून कॉलेजच्या जिन्यात टांगलाय. बूट माझे घालून गेली होती, भवानी! दहा वर्षं तो फोटो माझ्या छातीवर बसलाय. ह्या वेळी जागा माझी.

९ जानेवारी, गुरुवार.

क्लबची बैठक झाली. गाइड तुषार सर, इथल्याच चिंचणीचे. वडिलांची होडी आहे, पण ह्यांना समुद्र लागतो म्हणून डोंगरावर गेले असं स्वतःच सांगून हसले. मे महिन्यात चौदा दिवस, शिखर सहा हजार शंभर मीटर. सरांना धरून आम्ही सात जण आहोत. दर मंगळवारी आणि रविवारी तलासरीजवळच्या गणत्या डोंगरावर पाठीवर वजन घेऊन चढायचं, एरवी पळणं आणि जिने. मार्चअखेर एकाची निवड.

सरांनी उंचीचं सगळं नीट समजावलं. हवा विरळ झाली की डोकं ठणकतं, भूक मरते, झोपेत श्वास अडकतो. वर डाळ शिजत नाही, कारण पाणी पुरेसं तापण्याआधीच उकळतं. वेफर्सची पिशवी फुग्यासारखी फुगते. जास्तच झालं तर नसलेली माणसं दिसतात. औषध एकच, खाली उतरायचं. उतरलं की माणूस ठीक.

रोजनिशी प्रत्येकाने ठेवायची. चढताना दर थांब्यावरसुद्धा चार ओळी लिहायच्या, कारण उंचीवर डोकं कसं चालतंय ते अक्षरावरून कळतं. मला काय, मी लिहितेच. मी नवीन घड्याळ घेतलंय, उंची दाखवणारं. माझ्या खोलीत ते ९ मीटर दाखवतं.

१२ जानेवारी, रविवार.

पहिली चढाई. तुषार सरांच्या जीपने पहाटे निघालो. गणत्या म्हणजे फार काही नाही, साडेचारशे मीटर. साग, करवंदाच्या जाळ्या, वर शेंदूर लावलेला देव आणि एक झेंडा. पन्नास मिनिटांत माथा.

पायथ्याला मात्र गंमत आहे. तिथे दगडांचा एक चौथरा आहे. पायथ्याच्या पाड्यावरचे चिमणकाका त्याची राखण करतात. चढणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नावाने एक दगड चौथऱ्यावर ठेवायचा आणि उतरल्यावर तो उचलून लांब फेकायचा. म्हणजे डोंगराला कळतं की माणूस घरी गेला. मी विचारलं, नाही फेकला तर? काका विडी विझवून अगदी शांतपणे म्हणाले, तर डोंगराच्या लेखी माणूस वरच आहे. आणि जो वर आहे त्याला तो चढवतच राहतो. मग मी विचारलं, आणि ठेवलाच नाही तर? ते म्हणाले, तर तो तुला ओळखत नाही. वाट चुकलीस तर दाखवायचा नाही.

म्हणजे डोंगराचं हजेरीपत्रकच की! मला हसू आवरेना. तुषार सरांनीसुद्धा ठेवला, शिकलासवरलेला माणूस. मी नाही ठेवला. काकांची मुलगी रूपी आमच्यातच आहे, तेवीस वर्षांची, चिकूच्या वाडीत कामाला जाते. ती एक दगड घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली, मॅडम, तुमचा मी ठेवते. मी तिला सगळ्यांदेखत झापलं. म्हटलं, माझ्या नावाने असला खुळेपणा करायचा नाही, समजलं? ती हसली आणि मान हलवली.

आणि मग चढायला लागली. अनवाणी! पाठीवर दहा किलो वाळू, आणि बाई गुणगुणतेय. मी दुसरी आले.

२ फेब्रुवारी, रविवार.

सातांचे चार राहिलो. दोघांना सुट्ट्या मिळेनात, एकजण लग्न ठरलं म्हणून गेला. आता मी, रूपी, तलासरीचा लक्ष्या आणि तुषार सर. लक्ष्याचा गुडघा कुरकुरतोय, तोही जाईलच. निघताना चौथऱ्यावर नजर टाकली, चार जण, चार दगड. डोंगराची हजेरी पूर्ण.

रूपी आजही पुढे. दहा पावलं. मोजून दहा. मी जोर लावला तर तीही लावते, मी थांबले तर थांबते आणि मागे वळून हसते. ते हसणं! मला वाटतं ती मला चिडवते. लक्ष्या म्हणतो तुम्ही चुकू नये म्हणून थांबते. ह्याला विचारलं कुणी?

मी पहाटे चारला उठते. अंडी, केळी, हरभरे, सगळं वेळेवर. दोन वर्षं जिममध्ये घाम गाळलाय. ही नाचणीची भाकर आणि सुकटीची चटणी खाऊन येते आणि माझ्यापुढे जाते. जळतं मला. लिहून ठेवते, जळतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

आज तर कहर. तुषार सरांनी स्वतःचे जुने बर्फातले बूट रूपीला दिले, म्हणे मोज्यांच्या दोन जोड्या घाल, बसतील, आणि आतापासून सवय कर. मला काही नाही. मी विचारलं की निवड झाली का मग? ते म्हणाले, नाही हो मॅडम, तिच्याकडे बूटच नाहीत, तुमच्याकडे आहेत. बोलायला सोपं आहे.

शाळेत गेले तर हेडबाई सांगतात, आठ मार्चला महिला दिनाला रूपीचा सत्कार करायचा, पाड्यावरची पोर हिमालयात जाणार. जाणार! अजून ठरलं नाही आणि ह्यांनी शाल आणायला माणूस धाडला. आणि पोरींना लेझीम कुणी बसवायचं? मी. माझ्या वर्गातल्या मुली मला विचारतात, बाई, रूपीताई तुम्हाला रोज हरवते ना?

जेवले नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार.

आज मी एक गोष्ट केली.

लक्ष्या आलाच नाही, गुडघ्याने घरी बसवलं. आम्ही तिघंच, सर, रूपी आणि मी. जीपमधून उतरले तर रूपी चौथऱ्यापाशी वाकलेली. काळ्या दगडाला मधोमध पांढरी रेघ, जानव्यासारखी. तो तिने ओढणीने पुसला, कपाळाला लावला, दोन्ही हातांनी अगदी जपून ठेवला. स्वतःचे केवढे लाड, म्हटलं मनात. मग ती आणि सर पुढे गेले. मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मागे राहिले. चिमणकाका पाणी आणायला गेले होते. चौथऱ्यावर तीन दगड. मी पांढऱ्या रेघेचा उचलला आणि सॅकमध्ये टाकला.

का? माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. पण तिचा आहे. दगड हरवला म्हटल्यावर धसका घेईल, पाय लटपटतील, मला तेवढंच हवंय. माथ्यावर देवामागच्या खडकाला एक भेग आहे. सर फोटो काढत होते तेव्हा मी कोपरापर्यंत हात घालून दगड आत सारला. आतून गार हवा येत होती.

खाली उतरलो. रूपीने चौथरा बघितला आणि तिचं तोंड पांढरं पडलं. दोन्ही दगड तिथेच होते, तिसरा नव्हता. तिने चौथऱ्याच्या मागे बघितलं, खाली बघितलं, गुडघ्यावर बसून जाळीत हात घातले. मला विचारलं, मॅडम, रेघेचा दगड बघितला का? मी म्हटलं, नाही बाई, मी कशाला बघू. माझ्याकडे बघत राहिली, डोळ्यांत पाणी. मी जीपमध्ये जाऊन बसले.

फार दिवसांनी पोटभर जेवले. घड्याळ बिघडलं वाटतं. खोलीत ४५० दाखवतंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

आज मी पहिली! रूपी चढलीच नाही. करवंदाच्या जाळ्यांत शिरून दगड शोधत होती, हातांवर ओरखडेच ओरखडे. सर ओरडले तरी ऐकेना. मी झेंड्यापाशी उभी राहून खाली बघितलं, मुंगीएवढी दिसत होती. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

उतरताना मात्र डोकं दुखायला लागलं. ऊन लागलं असेल. घड्याळाचा सेल बदलून घेतला. १,२००.

२३ फेब्रुवारी, रविवार.

रूपी आज आली ती उशिरा, आणि पायथ्याशीच थांबली. मला बघून विचारलं, मॅडम, तब्येत बरी आहे ना? जेवता ना? झोप लागते ना? मी म्हटलं, तुझी बघ. परत जाळ्यांत शिरली.

तब्येत खरं तर बरी नाही. जिना चढताना छातीचा भाता होतो. रात्री श्वास अडकून जाग येते. शिवाय डाळ. कुकर अजून आणला नाही, पातेल्यातच करते. परवा दोन तास डाळ उकळली, पाणी आटलं, डाळ दगडासारखी. काल भातही तसाच. वाण्याला शिव्या घालून तीच डाळ देवकीबेनना दाखवली. त्यांनी खाली स्वतःच्या गॅसवर चढवली तर वीस मिनिटांत लोण्यासारखी झाली. शुं थयुं बेन, म्हणाल्या, गॅस मंद ठेवता का?

घड्याळ २,६५०. टाकून देणार आहे हे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.

शाळेतून आले तर टेबलावर वेफर्सची पिशवी. सकाळी साधी होती. आता फुगलेली, टम्म. बघता बघता फुटली.

दार लावून बाहेर गच्चीवर बसून राहिले. खाली रस्त्यावर रिक्षावाले चहा पीत होते, बोंबलांचा वास येत होता, सगळं रोजचंच. मी डहाणूत आहे. समुद्र समोर आहे. मग मला थंडी का वाजतेय? देवकीबेन घामाने भिजल्या आहेत आणि मी दोन स्वेटर घातलेत.

रूपीचंच काम आहे हे. तिला कळलं असणार आणि तिने माझ्यावर काहीतरी केलंय. दुसरं कोण?

४ मार्च, मंगळवार.

रविवारी चढायला गेले नाही, आजही नाही; शाळेतही रजा टाकलीये. सरांनी दिलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला. जानेवारीत सत्त्याण्णव होता. आज एक्क्याऐंशी.

डॉक्टरकडे गेले. त्यांच्या खोलीत, त्यांच्या मशीनवर अठ्ठ्याहत्तर. त्यांनी मशीन बदललं, पुन्हा तेच. छातीचा फोटो स्वच्छ. त्यांनी विचारलं, हल्ली उंचावर जाऊन आलात का? मी म्हटलं, चार दिवस डहाणूच्या बाहेर पाऊल टाकलं नाही.

दवाखान्यातला ऑक्सिजन लावला तेवढा वेळ बरं वाटलं. काढला की परत तेच. मुंबईला जा म्हणाले.

मच्छरदाणीला सकाळी आतून पांढरं काहीतरी होतं. हात लावला. बर्फ.

५ मार्च, बुधवार.

औषध एकच, खाली उतरायचं. सर म्हणाले होते.

पण डहाणूहून खाली कुठे उतरू?

दुपारी समुद्रावर गेले. ओहोटी होती. चिखलातून चालत चालत पाण्यापर्यंत, मग पाण्यात, गुडघे, कंबर, छाती. ह्याहून खाली जमीन नाही. पाणी गळ्याशी आलं आणि हात वर काढून घड्याळ बघितलं. ४,८७०. बघत असतानाच ४,८७१ झालं.

कोळणींनी आरडाओरडा केला, दोघींनी दंडाला धरून बाहेर आणलं. एक म्हणाली, बाय, तुजं आंग बर्फासारकं. मी हसत सुटले. त्या घाबरून लांब झाल्या.

मी चढतेय. झोपेत, बसले असताना, आत्ता लिहिताना. पायांच्या पोटऱ्या दुखतात, चढून आल्यासारख्या.

७ मार्च, शुक्रवार.

रूपी आली होती. इथे, खोलीवर. एक पिशवी चिकू घेऊन.

आल्या आल्या तिने माझे पाय धरले. मी मागे सरकले. ती रडत होती, सांगत होती, नीट लागत नव्हतं, मी जोडत गेले. म्हणाली, मॅडम, माफ करा, तुम्ही नको म्हणाला होता तरी मी पहिल्या दिवसापासून तुमच्या नावाचा दगड ठेवत होते. तुम्ही इथल्या नाही, वाट चुकाल म्हणून. आधी माझा ठेवायची, मग तुमचा. तुमच्यासाठी दर वेळी चांगला बघून आणायची. त्या दिवशीचा, रेघेचा, तो तुमचा होता.

तो तुमचा होता.

तीन माणसं, तीन दगड. आणि मी तर ठेवलाच नव्हता. त्याआधी चार माणसं, चार दगड. मी इथेच लिहिलंय, दोन फेब्रुवारीला, स्वतःच्या हाताने. रोज सकाळी शंभर पोरींची हजेरी घेणारी बाई मी, आणि मला चारापर्यंत मोजता आलं नाही.

ती सांगत होती की रोज पहाटे शोधते. म्हणाली, माझ्या हाताने ठेवलेला माझ्या हातून गेला, तो मिळेपर्यंत मी कुठेच जाणार नाही. तुषार सरांना सांगून आले, माझं नाव काढा, जागा मॅडमना द्या.

खरं लिहिते. हे ऐकल्यावर आधी मला भीती वाटली नाही. आधी आनंद झाला. जागा माझी! मग भीती आली.

तिने विचारलं, मॅडम, आठवून बघा ना, कुठे दिसला होता का? बा म्हणतो अजून वेळ आहे. दगड खाली आणून फेकला की डोंगर सोडतो. कुठेही असू दे, मी आणते. फक्त सांगा.

फक्त सांगायचं होतं. देवामागच्या भेगेत, कोपरभर आत. एक वाक्य. ती अर्ध्या तासात वर गेली असती.

नाही सांगितलं. तिच्या हातांकडे बघत होते. ओरखडे, काळे पडलेले, माझ्यासाठी. ती माझ्याहून जोरात चढते ते मी सोसलं असतं. ती माझ्याहून चांगली आहे हे नाही सोसवलं. तिने मला वाचवायचं, मी जन्मभर मिंधी राहायचं, आणि उद्या शाल तिच्या खांद्यावर, आणि टाळ्या मी वाजवायच्या?

म्हटलं, मला काही माहीत नाही. जा तू.

चिकू ठेवून गेली. सकाळी मी स्वतः जाऊन आणेन. पन्नास मिनिटांचा तर डोंगर आहे.

८ मार्च. सकाळी ७.१०. पायथा.

देवकीबेनच्या भाच्याने रिक्षाने सोडलं. चौथरा रिकामा. चिमणकाका नाहीत. घड्याळ ५,३१०. डोकं फुटतंय. अक्षर अजून बरं आहे.

८.०५. सागाचा टप्पा.

दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. इथे एरवी पंधरा मिनिटांत येते. पळस फुललाय खाली. वर नाही. वर काहीच नाही, पानं गळालेली. झेंडा दिसतोय.

९.४०.

झेंडा तेवढाच दिसतोय. तेवढाच.

५,६२०.

११ की १२. फोनवर ११ आहे, घड्याळात—

बाटलीतलं पाणी घट्ट झालंय. वाटेवर पांढरं. मीठ असेल म्हणून चाटलं. बर्फ आहे. मार्चमध्ये, तलासरीत. खालून हायवेच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. शाळेतलं लेझीमसुद्धा. मी बसवलेलं. शाल देत असतील—

नाही. फोन वाजतोय. रूपी.

ती शाळेत गेलीच नाही. पायथ्याला आहे, चिमणकाकांबरोबर. रिक्षावाल्याने सांगितलं तिला. म्हणते, मॅडम, आहात तिथे बसा. उठू नका. माझा दगड ठेवून मी वर येते. कुणी पुढे चालताना दिसलं तर मागे जाऊ नका. आणि एवढं सांगा, दगड वर आहे का? कुठे आहे?

मी श्वास घेत होते. ती तिकडे थांबली होती.

बंद केला फोन.

बसलेय. ती येईल. बसून राहायचं फक्त. बोटं काळी—

पुढे कुणीतरी आहे.

वाटेवर, वर. दहा पावलांवर. अनवाणी. निळी ओढणी, पाठीवर वाळूची सॅक. गुणगुणतेय.

रूपी खाली आहे. आत्ता फोनवर बोलली. खाली आहे, मला माहीत आहे. ही ती नाही.

थांबलीये. वळून हसतेय. तेच हसणं.

जाणार नाही मी. बसून—

निघाली ती. देवाच्या दिशेने. भेगेकडे. माझा दगड हिला—

खालून हाका येतायत. मॅडम, मॅडम. जवळ येतायत. बसले तर पाच मिनिटांत पोचेल ती.

पण ही पुढे चाललीये. नऊ पावलं. पहिल्यांदाच नऊ. आठ. माझ्या पायांना जमतंय, बघ संगिता, जमतंय मला—

सात. पेन धरवत नाही. एकदा, फक्त एकदा हिच्या आधी—